वरून रॉड, खालून रॉड

माणूस चालता असला की किस्से वाटेत सांडतात. मांडीचं हाड मोडून लातूरच्या दवाखान्यात पडला की ते उशाशी साठतात. माझ्याकडं लई साठले. बहुतेक माझ्याच फजितीचे.

*

आधी हाड मोडलं कसं ते. गोठ्यात बायकोला दरडावलं, "जरा बघून चालत जा!" आणि शेणावरून माझाच पाय सटकला.

तिनं दुधाची बादली जपून बाजूला ठेवली. म्हणाली, "असं चालायचं व्हय?"

*

डॉक्टर म्हणाले, "बाबा, हाडात रॉड घालायचा. कमरेकडून घालता येतो, गुडघ्याकडूनही. तुम्हाला गुडघ्याकडून घालू."

शाळा मी थोडीच शिकलो, पण बोअर लई मारले. सुनावलं, "बोअरमध्ये मोटार वरूनच सोडतात!"

"खरंय. पण तुमचं हाड पार गुडघ्याजवळ मोडलंय. तुमची मोटार तळालाच अडकलीय!"

शेजारच्या खाटेवर मुरुडचा गंगाराम. त्याचं हाड वरच्या बाजूला मोडलेलं, म्हणून रॉड कमरेकडून. तो इतका हसला की टाके धरून बसला.

*

त्यावरून आमची पैज लागली. मांडी घालून आधी कोण बसतो? वरून रॉडवाला, का खालून रॉडवाला?

मला घाई होती. नांदेडला नातीचं लग्न होतं. खुर्चीवर जेवणाऱ्यांना मी जन्मभर हिणवत आलो, "टेबलावर जेवतो तो पाव्हणा, पंगतीत बसतो तो घरचा!" आता घरात थोरला मीच.

*

व्यायाम घेणारी बाई कडक. मी तिच्याहून कडक. डोळे मिटले, दात आवळले आणि म्हणालो, "न्हाई दुखत!"

"बाबा, मी अजून गुडघा धरलाच नाही."

*

लग्नात पंगतीत पहिल्या पाटावर बसलो. मांडी घातली! गंगारामलाही आवतण दिलेलं; तो मात्र खुर्चीवर. त्याच्याकडं बघून मिशीवरून हात फिरवला.

जेवणं झाली. आमच्यात थोरला उठल्याशिवाय पंगत उठत नाही. हा नियम मीच सगळ्यांना रागावून शिकवलेला.

उठायला गेलो. गुडघा हलेना.

सगळी पंगत खरकट्या हातानं माझ्याकडं बघत राहिली. मागं दुसरी पंगत ताटकळत उभी. मी बुंदी मागितली. मग भात. मग परत बुंदी.

गंगाराम खुर्चीवरून ओरडला, "नाना, मोटार तळाला अडकली का? क्रेन सांगू?"

मी वाढप्याला म्हणालो, "मठ्ठा आण."