मामाची हाक

साताऱ्याहून निघालेल्या एसटीनं माझ्या कमरेचा पार भुगा केला. वाटलं, संभाजीनगरच्या स्टँडवर दत्तूमामा निदान चहा तरी पाजेल. छे! त्यानं बॅग घेतली अन् हातात काम ठेवलं.

"उद्या मीनाचं लग्न, अन् पोरगी हटून बसलीय. हमीदचाचा आले नाय तर हळद लावून घेणार नाय म्हणती. तू शहागंजात त्यांच्या घरी जा."

"तू का जात नाहीस?"

मामा चपलेकडं बघू लागला.

मामा आणि हमीदचाचा एकाच शाळेत इतिहास शिकवायचे. मामा त्यांना लाडानं 'रझाकार' (निजामाची सत्ता टिकवायला दहशत माजवणारा) म्हणायचा, ते मामाला 'निजामाचा कारकून'. वर्षानुवर्षं हीच चेष्टा. मग शहरात दंगल झाली. दुसऱ्या दिवशी भर चौकात मामानं सवयीनं तीच हाक मारली, आणि आजूबाजूची माणसं वळून चाचांकडं बघू लागली. तेव्हापासून अबोला.

शहागंजात पोचलो, तर चाचांनी आधी नान-खलिया (तंदूरची रोटी आणि मसालेदार मटण) पुढ्यात ठेवलं. मध्यस्थी पहिल्या घासालाच विसरलो, रस्सा शर्टावर.

"मामू नै आया? भांजे को भेज दिया?"

"लाजतोय तो, चाचा."

"गंमत बघ. त्याचा आजा निजामाच्या कचेरीत कारकून, फर्डं उर्दू लिहायचा. माझा आजा सिल्लोडकडचा शेतकरी, रझाकारांच्या भ्यानं रानात लपलेला. इंग्रजानं निजामाला गादीवर जपलं, शिरगणतीत माणसं धर्म-जातीच्या रकान्यांत बसवली, अन् गेला निघून. हे आम्हीच पोरांना शिकवलं ना? अन् चौकात आम्हीच रकान्यात!"

मी हातातला घास ताटात ठेवला. "मीना रडतीय हो," एवढंच म्हणालो.

संध्याकाळी हळदीला चाचा हजर! मांडवाच्या तोंडाशीच ओरडले, "ए निजामाच्या कारकुना, पाहुण्याला पाणी तरी दे!"

सगळे हसले, आणि मामाच्या उत्तराची वाट बघू लागले. चाचासुद्धा. मामानं तोंड उघडलं, मिटलं.

"हमीद," तो म्हणाला, "बस."

मीनानं धावत जाऊन चाचांच्या दोन्ही गालांना हळद फासली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू!

वेरूळ बघायचं राहिलंच. घरी सगळे मला वेड्यात काढणार. लग्न आटोपून मी एसटीत चढलो तेव्हा सोडायला चाचाच आले होते. इतकी जुनी हाक एका दंगलीनं खाल्ली, याचीच मला चुटपुट लागली होती. गाडी हलली तसे चाचा खिडकीशी आले.

"अरे," ते हळूच म्हणाले, "एकदा तरी म्हणायचं होतं गाढवानं."