दर्यापूरच्या गॅस काउंटरवरून

दर्यापूरच्या एका गॅस एजन्सीत मी एकोणीस वर्षं काउंटर सांभाळतेय. रजिस्टरं गेली, कॉम्प्युटर आले, पण किश्श्यांची आवक थांबली नाही. हंगामात मार्केट यार्डात सोयाबीन येत नाही इतके येतात!

*

आमचे सलीमभाई घरोघर सिलिंडर पोचवतात. हल्ली ग्राहकानं मोबाईलवर आलेला कोड सांगितला आणि तो त्यांच्या हातातल्या मशीनमध्ये टाकला तरच डिलिव्हरी पूर्ण होते. शांतामावशी त्यांना वीस वर्षांपासून ओळखतात. चहा दिला, चिवडा दिला; कोड काही देईनात!

“बँकवाल्यानं सांगतलं, नंबर कोणालेच सांगायचा नाही!”

“मावशी, मी सलीम आहो न!”

“थे माईत आहे. पण तू कोणाले सांगतं?”

“मशीनले.”

“मंग तिलेच पाठव!”

*

गॅसला स्वतःचा वास नसतो, कंपनी तो मुद्दाम मिसळते, असं आम्ही सगळ्यांना समजावत फिरतो. एकदा फोन आला, “गॅस लीक आहे, लवकर या!” मी आणि सलीमभाई स्कूटीवर सुसाट. अख्खी गल्ली रस्त्यावर! एक आजोबा तर अनवाणी, छातीशी टीव्ही धरून.

सलीमभाई एकटेच आत गेले. पाच मिनिटांनी नाक दाबून बाहेर आले, हातात पोतं.

“गॅस नाही बाप्पा, सडके कांदे!”

आजोबांनी टीव्ही खाली ठेवला. “मंग नेऊन द्या तुमच्या कंपनीले. वास मिसळाले कामी येईन!”

*

पाटीलकाकूंचा मुलगा टेक्सासमध्ये तेल आणि गॅसच्या विहिरींवर इंजिनिअर. तो सुटीवर आला आणि नेमकी आमची सिलिंडरची गाडी तीन दिवस आलीच नाही. मायलेक काउंटरवर हजर. त्यानं मला पाइपलाइन, प्रेशर, स्टोरेज सगळं समजावून सांगितलं.

काकू कडाडल्या, “तिकडं अमेरिकेच्या पोटातून गॅस काढतं, अन् मायले एक सिलिंडर नाही आणून देत?”

पोरगा रिकामं सिलिंडर खांद्यावर घेऊन रांगेत उभा राहिला. मागची बाई म्हणाली, “नवीन लागला का भाऊ डिलिव्हरीले? आमच्या घरी कवा येतं?”

*

महिला मंडळात सुरक्षेचा कार्यक्रम. मी विचारलं, “घरात अंधार आहे, गॅसचा वास येतोय. काय करायचं नाही?”

“लाईट लावायचा नाही!” सगळ्या एका सुरात.

एक सून हळूच म्हणाली, “सासूबाईले लावाले सांगतलं तं?”

सासूबाई शेजारीच! “मले तं बटनच दिसत नाही, असं तूच सांगतं न साऱ्या गल्लीत!”

*

कापडाच्या दुकानातला सुभाष एकदा तोंड पाडून आला.

“ताई, नवीन रेग्युलेटर द्या.”

“जुनं कुठं आहे?”

“बायको भांडून अकोल्याले माहेरी गेली. जाताना सिलिंडरवरून काढूनच नेलं.”

जुनं जमा केल्याशिवाय नवीन देता येत नाही. हरवलं असेल तर पोलिसांचा कागद लागतो. मी तसं सांगितलं.

“हरवलं नाही न ताई. कुठं आहे, थे माईत आहे.”

“मग जाऊन आणा की!”

आठ दिवस त्यानं फरसाणावर काढले. नवव्या दिवशी अकोल्याची बस पकडली.

दोन दिवसांनी पुन्हा काउंटरवर. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री!

“मिळालं का रेग्युलेटर?”

“मिळालं. पण सासरचे एकटं द्याले तयार नव्हते.”

मागून त्याची बायको पुढे आली. पिशवीतून रेग्युलेटर काढून तिनं माझ्यासमोर ठेवलं.

“ताई, याचा नंबर लिहून ठेवा. अन् या माणसाले दुसरं कधीच देऊ नका!”