शेपटी नसलेले

वांग्याच्या पानावरचा लाल कोळी टाचणीच्या टोकावर मावतो. त्याच्या नराच्या शुक्राणूंचे फोटो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या पडद्यावर आले, तेव्हा शेपटी दिसेना म्हणून मी ते कच्चे समजले आणि बाजूला काढायला निघाले. प्रयोगशाळेतल्या कुलकर्णी मॅडमनी माझा हात धरला.

"अगं, हे पूर्ण तयार झालेत. या कोळ्यांच्या शुक्राणूंना शेपटी नसतेच."

मी पुन्हा बघितलं. गुबगुबीत, गोल, जागच्या जागी बसलेले. पोहायचं कसं याची त्यांना काळजीच नाही. नर त्यांना मादीपर्यंत पोचवतो आणि तरीही पानापानावर पिल्लं होतात.

माझा नवरा त्या वेळी दवाखान्यात बाकावर बसला होता. त्याच्या शुक्राणूंची हालचाल कमी आहे, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि आज पुन्हा तपासणी होती. त्या पहिल्या तपासणीपासून घरात मी 'हालचाल' हा शब्द टाळते. पंखा हळू फिरतोय, एवढंही म्हणवत नाही.

त्याचा फोन आला. "अजून नंबर लागला नाही. तू काय करतेस?"

कोळ्याची गोष्ट ओठांवर आली होती. पण माणसाचं तसं चालत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

"फोटो बघतेय. कोळ्याच्या शुक्राणूंचे."

तो हळूच म्हणाला, "हलतात का ते?"

"फोटो आहेत रे," मी म्हटलं. "फोटोत कुणाचेच हलत नाहीत."