धूळ बसवणारे मामा

अख्खा स्टँड गाड्यांकडे बघायचा आणि मामा जमिनीकडे. शर्यत कोण जिंकलं हे त्यांना कधीच सांगता यायचं नाही. इथे परदेशात, पापाकुरा गावाच्या पुढे, शेतांच्या कडेला गाड्यांच्या शर्यतींचा मातीचा स्पीडवे होता, तिथे शनिवारी संध्याकाळी ट्रॅकवर टँकरने पाणी मारायचं काम त्यांच्याकडे. आठवडाभर ते एका कारखान्यात फिटर. नात्याने माझे कोणीच नव्हते. इथल्या सगळ्या मराठी लोकांचे मामा, तसेच माझेही. म्हणजे काम पडलं की मामा. हे मी रागानेच लिहिते आहे, आधीच सांगून ठेवते.

तरुणपणी साताऱ्याकडे मुरमाचे रस्ते केलेला माणूस. माती त्यांना हाताला कळायची. गमबूट घालून ट्रॅकवर उतरायचे, मूठभर माती दाबायचे आणि अंगठ्याने फोडून बघायचे. "लाडू वळला पाहिजे, पण दाबला की फुटलाही पाहिजे," असं म्हणायचे. पाणी जास्त झालं तर गाड्या घसरतात, कमी झालं तर धुळीत पुढची गाडी दिसत नाही. एवढं साधं. पण नेमकं किती, हे त्यांच्याखेरीज कोणाला जमलं नाही, आणि शिकून घ्यायला कोणी पुढेही आलं नाही.

माझ्या मुलीला, सईला घेऊन पहिल्यांदा गेले ती संध्याकाळ आठवते. उन्हं कलली होती, लोकांच्या मांडीवर ब्लँकेटं, चिप्सची पुडकी, कानांवर इअरमफ. शर्यत सुरू व्हायची वेळ झाली आणि मामांनी टँकर वळणावर आडवा लावला. वाऱ्याने माती वरून सुकली होती आणि त्या वळणावर सूर्य नेमका ड्रायव्हरांच्या डोळ्यांवर येत होता. माईकवाला तडकला, लोक हुर्यो करायला लागले, मीसुद्धा पुटपुटले, काय हा माणूस, सगळ्यांना ताटकळत ठेवलंय. मॅनेजर अंगावर धावून आला तर मामा त्याला शांतपणे म्हणाले, "धूळ बसू दे, मग मी हलतो." चांगला अर्धा तास त्यांनी पाणी मारलं. नंतर गाड्या सुटल्यावर चिखलाची ढेकळं उडून थेट आमच्या चिप्समध्ये पडली आणि सई खिदळत सुटली. निघताना तिने कोण जिंकलं ते विचारलं, "मामा, हू वन?" मामा म्हणाले, "मला नको विचारू बाळा. कोणी दवाखान्यात गेलं नाही, एवढं मला माहीत आहे."

मग ट्रॅकच्या शेजारी नवी घरं झाली. आमचंही त्यातलंच. एजंटने स्पष्ट सांगितलं होतं, उन्हाळ्यात शनिवारी आवाज येणार, म्हणून तर घर स्वस्त. सगळ्यांनी इथल्या बोलीत 'स्वीट ॲज', म्हणजे काहीच हरकत नाही, म्हणत माना डोलावल्या. आणि एक उन्हाळा जातो न जातो तोच यांना आवाज खुपायला लागला. यांना म्हणजे आम्हाला. मराठी मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, स्पीडवे बंद करा असा तक्रारीचा कागद फिरला. मी तो वाचला होता, उगाच खोटं कशाला बोलू. अध्यक्ष समोर उभे, एका हातात मसालेभाताचं ताट, मागून घाई. वाईटपणा कोण घेणार, म्हणून सही ठोकली आणि पुढे सरकले. पुढे त्याच रांगेत मामा मठ्ठा वाढत होते. मला त्यांनी दोनदा वाढला.

पंधरा दिवसांनी ते घरी आले. जागेचा मालक भाडेकरार वाढवायचा की नाही ते ठरवणार होता आणि ट्रॅकच्या बाजूने मामांना एक पत्र हवं होतं. "तुझं इंग्लिश चांगलं आहे, नीट लिही," म्हणाले. मी लिहून दिलं. सहीबद्दल चकार शब्द काढला नाही. मालकाने बोलावलेल्या बैठकीत तक्रारदारांची यादी सगळ्यांना वाटली, त्यात माझं नाव तिसरं. मामांनी चष्मा लावून ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अगं, आवाजाचा त्रास होत होता तर मला सांगायचंस ना. गाड्यांचे सायलेन्सर तपासून घेतले असते." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माणसाला रागावता यायचं नाही, आणि याचा मला अजून राग येतो.

करार वाढला नाही. शेवटच्या शनिवारी शेवटची शर्यत संपली, लोक गाड्या काढायला लागले, आणि मामा परत टँकरवर चढले. मी धावत गेले. म्हटलं, मामा, आता कोणासाठी पाणी मारताय?

"उद्या वारा आहे," ते म्हणाले. "धूळ तुमच्या गल्लीत येईल."

मामा आता दूर दक्षिणेत, हॉर्नबीला मुलीकडे असतात. फोनवर सईची चौकशी करतात, ट्रॅकचा विषय काढत नाहीत. जागा कुंपण घालून नुसती पडून आहे. परवा मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षांनी लिहिलं, हल्ली घरात फार धूळ येते, तक्रार करू या, सगळ्यांनी सह्या द्याव्यात. माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, धूळ बसवणारा माणूस होता आपल्याकडे, तुम्हाला गणपतीत मठ्ठा वाढायचा तोच. त्याला आपण सह्या करून घालवला. आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.