निर्माल्याचं फावडं

५ डिसेंबरला सकाळी देवळामागच्या खड्ड्यातलं निर्माल्य फावड्यानं खालीवर केलं आणि खोकत खोकतच बुलढाण्याची एसटी धरली. दमा मला लहानपणापासून आहे, पण यंदा पंप घेऊनही धाप थांबत नव्हती. एक्स-रेत फुप्फुसावर डाग दिसला होता. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नव्हते, तरी टीबीचं औषध सुरू करायचं का, हे त्या दिवशी ठरणार होतं. देवीच्या हारफुलांचं खत करून देवळातल्या तुळशीला घालायची सेवा मी कधी चुकवली नाही, मग तिनं हे काय दिलं? रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. पण श्वास पुरेनासा झाला की माणूस घाबरतो.

वाटेत उबळ आली. रुमालात तपकिरी, घट्ट बेडका पडला. मी घाईनं घडी घातली, पण शेजारच्या अनोळखी बाईनं पाहिलंच.

"हे डॉक्टरले दाखोलं काय, ताई?"

असलं घाण काय दाखवायचं, असं मी म्हणाले.

"मंग त्याले का सपनात दिसन? माह्या भावाचं असंच पडे. दम्यात बुरशी निंगाली. दाखव बाई, लाजू नोको."

स्टँडवर ती गर्दीत दिसेनाशी झाली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी रुमाल डॉक्टरांपुढे उघडला. त्यांनी टीबीचा विचार बाजूला ठेवून रक्तातली ॲलर्जीची तपासणी आणि छातीचा सीटी स्कॅन सांगितला. चार दिवसांनी रिपोर्ट घेऊन पुन्हा गेले तेव्हा म्हणाले, बुरशीची ॲलर्जी फुप्फुसात बसली आहे. गोळ्या बरेच महिने लागतील, पण आटोक्यात येईल. कुजकं, ओलं काही हाताळता का, असंही विचारलं. मी खड्ड्याचं सांगितलं.

"ते आजपासून बंद."

गोळ्यांपेक्षा हे जड गेलं. परतताना खिडकीशी बसून पुष्कळ विचार केला. त्या बाईला देवीनंच पाठवलं, असं मी मानते. कुणी मानावं असा आग्रह नाही. मग सेवा देणारी तीच आणि काढून घेणारीही तीच. मी तेवढी माझी म्हणून धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या जावेच्या तोंडाला फडकं बांधून तिच्या हातात फावडं दिलं. "तुमच्यासारखं साजरं जमन काय मले?" तिनं विचारलं. नाही जमलं तरी चालेल, असं म्हणाले आणि देवीसमोर रिकाम्या हातांनी बसले.