शेपूट आल्याशिवाय जेवण नाही

लिओना मटुकोनिसला गाडीवरून उतरवायचं असेल तर गाडीसकट पुरावं लागेल, असं मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. सप्टेंबरच्या मिटिंगमध्ये ते बोलायची खरी वेळ आली, तेव्हा मात्र मी वहीत डोकं खुपसून बसलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी शूर वाटलो तर कुणी फसायला नको.

मी वॉल्ट हुडॉक, डॉर्सी पॅचच्या मोटरसायकल क्लबचा चिटणीस. लिओना माझ्या समोरच्या घरात राहते. वय सत्तर, उंची पाच फूट, तीही बूट घातल्यावर. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या या कोपऱ्यातल्या खाणी बंद पडून जमाना झाला, पण खाणींनी बाहेर टाकलेल्या काळ्या चुऱ्याचे डोंगर तसेच राहिले. त्यांवर बर्चची झाडं वाढली आणि बर्चमधून आमच्या गाड्यांच्या वाटा पडल्या. जमीन कंपनीची, पाटी ‘प्रवेश बंद’ची, आणि त्या पाटीला टेकून गाडीची चेन घट्ट करायची, ही आमची जुनी सवय.

चौऱ्याहत्तर साली लिओना शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवत होती. तिथल्या पगारातून तिने शंभर सीसीची एक जपानी टू-स्ट्रोक घेतली, पिवळ्या टाकीची. तिचा बाप खाणीतून परतलेला, जेवणाचा डबा अजून हातात. म्हणाला, "हे धूड माझ्या दारात राहिलं तर मी घर सोडून जाईन."

लिओना म्हणाली, "जा. जाताना फाटक लावून जा, कुत्रा बाहेर जातो."

बाप कुठेही गेला नाही. महिन्याभरात तोच अंगणात उकिडवा बसून प्लग पुसताना दिसायला लागला.

तीच गाडी ती आजही चालवते. वजन दोन सिमेंटच्या पोत्यांएवढं. पेट्रोलमध्ये तेल स्वतःच्या हाताने मिसळते, मापाला एक जुनी बाळाची दुधाची बाटली. किक मारली की गाडी आधी खोकते, मग निळा धूर सोडते, आणि मग गल्लीतली सगळी कुत्री लिओना निघाली हे ओळखतात. खालच्या वेगात ही गाडी अगदी मरतुकडी. तुम्ही हसता, आता ही चढ काय चढणार म्हणता, आणि तेवढ्यात तिच्या अंगात येतं. पुढचं चाक उचलतं, आवाज चिरका होतो, आणि चढ कधी संपला ते कळत नाही. मी तिची गाडी एकदाच चालवली. उतरलो तेव्हा तोंडावरचं हसू काही केल्या जात नव्हतं. छप्पन्न वर्षांचा घोडा होतो मी तेव्हा.

तिच्या गाडीत बिघडायला आहेच काय? पिस्टन बदलायला तिला एक दुपार आणि जेवणाचं टेबल पुरतं. कुणी फोर-स्ट्रोकचं कौतुक सांगायला लागलं की ती म्हणते, "ती सरकारी कचेरी आहे बाबा. एका कामाला चार खेटे. माझी दोन खेट्यांत काम उरकून घरी जाते." आणि एक गोष्ट ती हसून सांगत नाही. "जी गाडी पडल्यावर आपल्याला एकट्याला उचलता येत नाही, ती आपली नाही. आपण तिचे."

आता शेपटाचं सांगतो. दर ऑक्टोबरात आमच्या क्लबची चाळीस मैलांची दौड असते. झाडांवर कागदी बाण लावलेले असतात, त्यांच्यामागे जायचं. सगळ्यांच्या शेवटी एक जण निघतो. तो बाण काढत येतो, आणि जंगलात मागे कुणी राहिलं तर त्याला घेऊन येतो. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. एकतीस वर्षं आमचं शेपूट लिओना आहे. आणि क्लबचा सगळ्यांत जुना नियम असा की शेपूट आल्याशिवाय जेवण नाही. मोठ्या पातेल्यात लोण्यावर परतलेला कोबी आणि नूडल्स, आमच्या आज्यांची हलुष्की, झाकण घालून वाट बघते. पावसात वाट बघितली आहे, एकदा बर्फातही. शेवटचा बाण माझ्या हातात आला की मी झाकण उघडतो.

क्रेग ब्रेनर गेल्या वर्षी अध्यक्ष झाला. घरांची छपरं घालतो. माणूस वाईट नाही, पण आयुष्यात कायम पुढे राहिलेला. त्याची गाडी पाचशे पौंडांच्या वर, हँडलला हीटर, समोर टीव्हीएवढा पडदा. सप्टेंबरच्या मिटिंगमध्ये तो म्हणाला, "लिओना, तुमचा मान ठेवूनच बोलतो. उद्या दलदलीत तुम्हीच पडलात तर? तुमच्या मागे कोण आहे?"

"माझ्या मागे कुणीच नसतं," लिओना म्हणाली. "म्हणून तर मला शेपूट म्हणतात."

सगळे हसले. क्रेग हसला नाही. त्याने ठराव मांडला की शेपटाला पडलेली गाडी चिखलातून एकट्याने उभी करता आली पाहिजे, नाहीतर दुसरं शेपूट नेमायचं. दौडीच्या दिवशी चाचणी. सात जणांच्या कमिटीत पाच हात वर गेले. माझा हात पेनावर होता. कोणती गाडी, हे विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही. मी तर लिहून मोकळा झालो.

लिओना म्हणाली, "एवढंच ना? उचलते की."

त्यानंतर महिनाभर रोज दुपारी ती घरामागच्या काळ्या चुऱ्यात गाडी आडवी करायची आणि उभी करायची. दहा वेळा, वीस वेळा. गुडघ्यांचा आवाज रस्त्यापलीकडे यायचा, असं मी म्हणणार नाही, पण तिच्या कण्हण्याचा यायचा. मी एकदा व्हरांड्यातून ओरडलो, "अगं, पाठीचा कणा जाईल!"

"तुझा त्या मिटिंगमध्येच गेला," ती तिकडून म्हणाली, "तरी चाललंय ना तुझं?"

मी घरात गेलो. मला लाज वाटली होती.

दौडीच्या दिवशी साडेचारला शेवटचे गाडीवाले आत आले. क्लबच्या शेडपासून उताराला, शंभर पावलांवर, ओढ्याजवळ चिखलाचा एक खड्डा आहे. त्यातून वर आलं की दौड संपली. लिओना तिथे पोचली, बाणांची चळत जाकिटात खुपसलेली. क्रेग कमिटीला घेऊन वाटेत उभा होता.

"लिओना, तिथेच थांबा. चाचणी."

तिने आपली पिवळी गाडी चिखलात आडवी केली. पाठ तिच्याकडे केली, खाली बसली, एका हाताने हँडल, दुसऱ्याने सीटखालची नळी धरली, आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उभी राहिली. गाडी उभी. एक किक, आणि निळा धूर कमिटीच्या तोंडावर. "झालं?"

"तुमची गाडी नाही," क्रेग म्हणाला. "शेपटाला दुसऱ्यांच्या गाड्या उचलाव्या लागतात. ही उचला." आणि त्याने आपलं ते पाचशे पौंडी धूड चिखलात लोटून दिलं.

ती गाडी मला उचलवत नाही. क्रेगलाही उचलवत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला संताप आला, आणि त्यात निम्मा माझा मलाच आला.

लिओनाने हेल्मेट काढलं. त्या गाडीभोवती एक चक्कर मारली. "छान आहे," म्हणाली. "हिच्या हँडलला हीटर असतो म्हणे. चिखलाला ऊब मिळेल." मग शेजारच्या ओंडक्यावर बसली आणि जाकिटातून बोलोना सॉसेजचं सँडविच काढलं.

"हे काय? चाचणी द्यायची नाही का?"

"देतेय की. एकतीस वर्षांत मी कुणाचीही गाडी उचललेली नाही, क्रेग. यांना विचार. पडलेल्या माणसाजवळ मी बसते. त्याची धाप उतरते, शिव्या देऊन होतात, रडायचं असेल तर रडून होतं. मग तो उठतो. आज तुझी गाडी पडलीय. म्हणजे तू अजून आत आलेला नाहीस. तू शेवटचा, आणि शेवटच्याला टाकून शेपूट वर जात नसतं." तिने सँडविचचा घास घेतला. "तुझं होऊ दे सावकाश."

"बसा मग!" क्रेग म्हणाला आणि ताडताड वर शेडमध्ये आला. कमिटी मागोमाग. मी पातेल्याजवळ पोचलो होतो. साठ माणसं, सकाळपासून चिखलात, हातात कागदी ताटल्या.

"वॉल्ट, वाढायला घे."

बारा वर्षांपूर्वी माझी बायको आयरीन गेली, त्या वर्षीच्या दौडीत मी सातव्या मैलावर इंजिन बंद केलं होतं. गाडीला काही झालं नव्हतं. मलाच पुढे जावंसं वाटत नव्हतं. लिओना मागून आली, गाडी लावली आणि शेजारी बसली. दीड तास. धीराचा एक शब्द बोलली नाही, त्याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे. शेवटी एवढंच म्हणाली, "आयरीन असती तर म्हणाली असती, ध्यान कुठलं, तिकडे कोबी करपतोय." मी हसलो, मग रडलो, मग किक मारली. वर पोचलो तेव्हा सगळा क्लब उपाशी उभा होता. उशीर का झाला, हे एकानेही विचारलं नाही.

मी झाकण होतं ते आणखी दाबून बसवलं. "शेपूट आलं नाही."

"मी अध्यक्ष आहे. नियम बदलला समज."

"नियम मिटिंगमध्ये बदलतात. पुढची मिटिंग नोव्हेंबरात," मी म्हणालो. घाबरलो होतो मी, पण बाजूला झालो नाही.

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग डेनी सोबोल हा आमचा प्लंबर उठला, ताटली खाली ठेवली आणि बाहेर पडला. गेल्या वर्षी त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं तेव्हा मदत येईपर्यंत लिओना तीन तास त्याच्याजवळ बसली होती, नि त्याला ओरडू न देता त्याच्याकडून आपल्या घरच्या लिथुआनियन शिव्या पाठ करून घेत होती. डेनी जाऊन ओंडक्यावर तिच्या शेजारी बसला. मग आणखी दोघं गेले. मग एक नवरा-बायको. ओंडका भरला तेव्हा लोक गवतात बसले. शेडमध्ये क्रेग, मी आणि पातेलं.

क्रेग पाय आपटत खाली गेला. त्याने एकट्याने गाडी उचलायला बघितली. हलली नाही. दुसऱ्यांदा पाय घसरला आणि तो चिखलात बसला. कुणी हसलं नाही, हे मला त्या दिवशी फार आवडलं. लिओना उठली, त्याच्याजवळ गेली, तिथेच चिखलात मांडी घालून बसली आणि उरलेलं अर्धं सँडविच त्याला दिलं.

"बस. घाई नाही. कोबी कुठे पळून जात नाही," तिचं एवढं मला वर ऐकू आलं.

त्याने सँडविच खाल्लं. ती दोघं बराच वेळ बसली. पुढे काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि लिओनाने सांगितलंही नाही. शेवटी क्रेगने मान वर केली आणि हाक मारली, "अरे, कुणीतरी या रे. मला एकट्याला नाही जमत." सहा जण गेले. गाडी उभी झाली. क्रेग ती घेऊन वर आला, त्याच्यामागे सगळे, आणि सगळ्यांच्या मागे निळ्या धुराची एक रेघ ओढत लिओना. तिने शेवटचा बाण माझ्या हातात दिला. "झाकण धरून उभा होतास म्हणे," ती म्हणाली. "कणा सापडला वाटतं."

मी पहिली ताटली तिच्यापुढे केली. तिने ती ढकलून दिली. शेपूट शेवटी जेवतं, आणि पातेल्याच्या तळाची खरपूस खरवड तिची असते. सगळे जेवून उठल्यावर ती पातेलं मांडीवर घेऊन चमच्याने खरवडायला बसली. क्रेग समोर येऊन उभा राहिला, पायापासून केसांपर्यंत काळा.

"लिओना, तरीपण पुढच्या वर्षी तुमच्या मागे कोण, हे मला ठरवावंच लागेल."

"ठरव की. जागा रिकामी आहे," लिओना म्हणाली. पातेल्यातून मान वर केली नाही. "पण आधी तुला एकट्याला उचलता येईल अशी गाडी घे."