रिओहाची ती बाटली मी ओतली

मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या आमच्या घरातली ती वाईनची बाटली सिंकमध्ये मी ओतली, सुनेने नाही. हे आधीच लिहून टाकतो. नंतर धीर होईलच असं नाही.

मुलगा मेलबर्नच्या एका रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाइकांना वाईन सुचवण्याचं काम करायचा. युनिव्हर्सिटीत अकाउंटिंग शिकायला आलेला पोरगा या धंद्यात शिरला, हे मला कधीच पटलं नाही. मी निफाडकडचा निवृत्त मास्तर, आता इथे मुलाकडेच राहतो. द्राक्षं जन्मभर पाहिली, पण रोज सकाळी पंचशील म्हणतो आणि त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे. माझा मोठा भाऊ दारूनेच गेला.

बाटली स्पेनमधल्या रिओहा भागातली होती. मुलगा आणि सून विद्यार्थी म्हणून इथे आले, त्या वर्षीच्या द्राक्षांची. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला उघडायची म्हणून मुलाने जपली होती. एकदा किचनच्या ओट्यावर ठेवून त्याने मला समजावलं, "बाबा, हे टेम्प्रानियो द्राक्ष. काळं, जाड सालीचं. बाकीच्यांच्या आधी पिकतं, नावाचा अर्थच तो. एब्रो नदीच्या खोऱ्यात होतं. ही वाईन पाच वर्षं मुरवलीय, त्यातली दोन ओकच्या पिंपात."

"लवकर पिकतं, तर मग एवढं थांबायचं कशाला?"

"थांबल्यावरच मऊ होते ती."

सून डाळ घोटत होती. म्हणाली, "मग तुमच्या मुलालाही घालूया का दोन वर्षं पिंपात?"

तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

मग लॉकडाऊन लागलं आणि रेस्टॉरंट बंद पडलं. मुलगा दुपारपासूनच खोक्यातली स्वस्त वाईन घेऊन सोफ्यावर बसू लागला. सून घरूनच ऑफिसचं काम करायची. एकदा भांडणात ती ओरडली, "एक दिवस तुझ्या सगळ्या बाटल्या सिंकमध्ये ओतून टाकीन!" मला मात्र सोफ्यावर माझा भाऊ दिसत होता.

एका सकाळी मुलगा झोपला होता आणि सून दार लावून मीटिंगमध्ये होती. मी ती बाटली काढली. बूच अर्धं तुटलं, उरलेलं आत ढकललं. भावाच्या तोंडाला यायचा तसा भपका येईल म्हणून श्वास रोखला होता. पण वास आला तो व्हॅनिलाचा आणि जुन्या लाकडाचा. हात क्षणभर थांबला. तरीही शेवटच्या थेंबापर्यंत ओतली आणि बाटली रिसायकलिंगच्या पिवळ्या झाकणाच्या बिनमध्ये टाकली.

संध्याकाळी बाटली जागेवर नाही हे दिसताच मुलाने सुनेला जाब विचारला. "तूच म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते. केलं नाही."

"बाबा, तुम्ही पाहिलंत काही?"

"मला काय माहीत," मी म्हणालो.

तो तिला खोटारडी म्हणाला. त्या दिवसांत घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची परवानगी नव्हती. भांडून जायचं तरी कुठे? ती अभ्यासाच्या खोलीत गादी टाकून झोपू लागली. मी रोज पंचशील म्हणत राहिलो, खोटं न बोलण्याचं चौथं शीलसुद्धा, आणि माझा आवाज एकदाही अडखळला नाही.

राज्याच्या सीमा उघडल्या तशी ती ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला बहिणीकडे निघाली. जाताना माझ्या पाया पडली. "बाटलीचं काही नाही हो बाबा. दहा वर्षांत मी त्याच्याशी एकदाही खोटं बोललेले नाही." तेव्हाही मी तिला नुसता आशीर्वाद दिला.

पुढच्या वर्षी पुन्हा लॉकडाऊन लागलं. घरात आम्ही दोघंच. एका दुपारी मी तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"त्याला सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग मला काय सांगताय? मी ओतली नाही, हे मला माहीतच आहे."

फोन ठेवून मी तसाच मुलासमोर जाऊन बसलो आणि बोललो. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "ती रडायची तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"शेजारच्या खोलीत."

"ऐकू यायचं?"

"हो."

तो फोन घेऊन मागच्या अंगणात गेला. काचेच्या दारातून मला त्याची पाठ दिसत होती. त्याने फोन कानाला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला. तिने उचलला की नाही, ते मला त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.